पालथा चिरा

जव्हारच्या एसटी डेपोत आम्ही भावंडं वेगळी झालो. खोडाळ्याहून एकाच गाडीने, एकाच बाकावर बसून आलो होतो. मध्ये आईने बांधून दिलेली नागलीच्या भाकरीची एकच चवड. डेपोत उतरल्यावर दादाने ती मांडीवर सोडली, भाकऱ्या निम्म्या केल्या, खुरासणीच्या चटणीचा गोळा बोटानेच कापला आणि माझा वाटा माझ्या ओढणीत बांधून दिला. तो ठाण्याच्या गाडीने जाणार होता, रेती बंदरावर, खाडीच्या तळात बुडी मारून बादलीने रेती काढायला. मी नाशिकच्या गाडीने, कॉलेजला. दोघांच्या पिशव्या सारख्याच होत्या, खताच्या गोणीतून शिवलेल्या. "तू शिक. मी हाय," एवढंच तो म्हणाला. माझी गाडी आधी लागली. खिडकीतून पाहिलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. ठाण्याच्या गाडीत घुसायला कुठून जागा मिळेल ते बघत होता.

हे मी तुम्हा खोडाळ्यातल्या लोकांना लिहिते आहे, आणि तिथून उठून नाशिक, भिवंडी, ठाण्याला गेलेल्यांनाही. माझ्या दादाचा, काशीनाथचा चिरा इतकी वर्षं का बसला नाही, हे तुमच्यापैकी कोणी मला कधी विचारलं नाही. एकमेकांना मात्र विचारलंत. शिकलेल्या बहिणीला भावाच्या आजाराची लाज वाटते म्हणालात. पोरीनेच आईला अडवलं, असंही कोणी म्हणालं. बाजाराच्या दिवशी मी जवळून गेले की तुमचे आवाज खाली यायचे, ते मला कळत होतं. आता चिरा बसला आहे, तेव्हा एकदा नीट सांगून टाकते. राग गेलेला नाही. तो घेऊनच सांगते.

तुमची जी पोरं शहरात वाढली त्यांना चिरा म्हणजे काय हेही ठाऊक नसेल. आपल्याकडे माणूस गेला की दिवस घालतात, पण तेवढ्याने तो पोचत नाही. त्याच्या नावाचा दगड घडवून घेतात, वर सूर्य-चंद्र आणि खाली माणूस कोरतात, आणि गावाबाहेर उंबराखाली जुन्या चिऱ्यांच्या ओळीत बसवतात. तोवर तो घराच्या आसपास घुटमळत राहतो, ना आत ना बाहेर. आमच्या बाबांचा चिरा तिथे आहे. त्याच्या शेजारची जागा मोकळी होती आणि ती कोणाची हे सगळ्या गावाला माहीत होतं.

नाशिकहून मी पुण्याला आले, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि एका प्रयोगशाळेत लागले. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. पुण्यात मी आधी बोलायला शिकले. 'रगत'चं रक्त केलं, 'हाय'चं आहे केलं, 'माझा नाव'चं माझं नाव केलं. गाव मोखाडा तालुक्यातलं म्हटलं की लोकांना पेपरातली हाडं वर आलेली मुलं आठवत, आणि ते माझ्याकडे अशा नजरेने बघत की मी त्यातूनच उठून आले आहे. मी धडधाकट होते याचं त्यांना जरा नवलच वाटायचं. माझं धडधाकट असणं प्रयोगशाळेला पुढे फार उपयोगी पडलं.

आमचं काम एचआयव्हीवर. विषाणूला स्वतःचं काहीच नसतं. त्याला वाढायला दुसऱ्याची जिवंत पेशी लागते, तीही रक्तातली, पांढरी. म्हणून विषाणूचा अभ्यास करायचा तर आधी निरोगी माणसाचं रक्त हवं. रक्तपेढीतून वेळेवर मिळालं तर ठीक, नाहीतर आमच्यातलाच कोणीतरी बाही वर करायचा. ते रक्त एका जड द्रवावर अलगद ओतून यंत्रात फिरवलं की तांबड्या पेशी तळाशी जातात आणि मधोमध सायीसारखी पातळ पांढरी कडी उरते. ती कडी तेवढी उचलायची. मग घेवड्याच्या बियांतून काढलेलं एक द्रव्य घालून त्या पेशी जाग्या करायच्या, कारण झोपलेल्या पेशीत विषाणू नीट वाढत नाही. जाग्या झालेल्या पेशींत रुग्णाच्या रक्तातल्या पेशी मिसळायच्या आणि फ्लास्क उबेला ठेवायचा. विषाणू रुग्णाच्या पेशीतून निघतो आणि ताज्या पेशीत शिरतो. दर आठवड्याला नव्या निरोगी पेशी घालत राहायचं, जुन्या संपलेल्या असतात.

सगळ्यांच्याच पेशींत तो सारखा वाढत नाही. माझ्या पेशींत छान वाढायचा. सर म्हणजे आमचे प्रमुख, ते खुश असायचे. "यमुनाच्या पेशी घ्या," असं ठरूनच गेलं. दात्यांची नावं लिहायची नाहीत असा नियम होता, म्हणून मला क्रमांक मिळाला, डी-नऊ. आपलं रक्त ज्यात आहे तो फ्लास्क आपण हाताळू नये, हा नियम पुष्कळ पुढे आला. तेव्हा माझंच रक्त मी काढून द्यायचे, मीच फिरवायचे आणि मीच त्यात विषाणू सोडायचे.

शिमग्याला घरी गेले तेव्हा हे आईला सांगितलं. होळीसाठी सगळे परत आले होते, दादाही. आई चुलीपुढे बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंजे तू आजाराला रगत चारतेस?" दादा हसला. मीही हसले. आमच्यात कुणाला तो आजार होता हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, दादालाही नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्याचा खोकला थांबेना. जव्हारला क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, पण अंग भरेना. भाताच्या आवणीला तो चिखलात उतरला आणि बांधावर येऊन बसला तो बसलाच. मी त्याला पुण्याला आणलं. रक्त तपासलं. ज्या चाचणीचे निकाल मी रोज दुसऱ्यांसाठी वाचत होते ती एक दिवस त्याच्यासाठी वाचली. आजार कसा आला हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रेती बंदरावर माणसं झोपडीत दाटीने राहतात, सकाळी बुड्या मारतात, संध्याकाळी अंगातली थंडी घालवायला जे मिळेल ते करतात. तुम्हा गेलेल्यांना मी काय सांगणार, तुम्ही तिथेच होतात.

सरांना तेव्हा वेगवेगळ्या तालुक्यांतल्या, कुठलंच औषध न घेतलेल्या रुग्णांचे विषाणू हवे होते. अशा रक्तातून वाढवलेल्या विषाणूवर नवी-जुनी औषधं लावून बघायची होती. त्यांनी मला बोलावून सरळ विचारलं, तुझ्या भावाचं रक्त देशील का. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी त्याला चहा दिला, मग विचारलं. दादाने हात पुढे केला. "घ्या लागंल तेवढा. माझ्या तं कामाचा राहला नाय," तो म्हणाला. सगळ्यांना हसू यावं म्हणून म्हणाला. सर हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

त्या आठवड्यात रक्तपेढीतून काही आलं नाही. म्हणून दादाच्या पेशी वाढल्या त्या माझ्या पेशींत. मुद्दाम ठरवून नाही, पाळी माझी होती एवढंच. फ्लास्क उबेला ठेवताना मी त्याला तो काचेतून दाखवला. गुलाबी पाणी होतं, दुसरं काय दिसणार. "हा माझा?" त्याने विचारलं. "तुझा नि माझा," मी म्हटलं. "इथं गार नाय लागत?" मी सांगितलं, अंगाला असते तेवढी ऊब आत कायम असते. त्याला बरं वाटलं. खाडीच्या पाण्यात त्याला कायम गारठा असायचा.

विषाणू आला. नमुन्यात त्याचं एक प्रथिन शोधायची चाचणी असते. प्लेटच्या बारीक वाट्यांत रसायनं घालत गेलं की जिथे विषाणू असेल ती वाटी पिवळी होते, नसेल ती पाण्यासारखी राहते. दादाच्या वाट्या हळद कालवल्यासारख्या पिवळ्या झाल्या. सर म्हणाले, फार जोमदार आयसोलेट आहे. आयसोलेट म्हणजे एका रुग्णातून वेगळा काढलेला विषाणू. त्याला नाव मिळालं जे-चार. जे म्हणजे जव्हार.

मग औषधाची प्लेट. एका ओळीत नुसत्या पेशी आणि जे-चार. पुढच्या ओळींत तेच, पण वर झिडोव्हुडिन हे औषध, चढत्या मात्रेने. ते आमच्याकडे पांढऱ्या भुकटीच्या बारक्या बाटलीत यायचं, ताडून बघण्यापुरतं. शेवटच्या ओळीत मी माझ्या हिशेबाने आणखी एक गोष्ट घातली. आईने भगताकडून एका झाडाची साल आणवली होती, दादा तिचा काढा घेत होता. जंगलातल्या झाडपाल्याचे अर्क आम्ही तसेही तपासत होतो, तेव्हा सरांची परवानगी मिळायला अडचण आली नाही.

आठवड्याने रंग पाहिला. औषध नसलेली ओळ पिवळी धमक. झिडोव्हुडिनच्या वाट्या मात्रेगणिक फिक्या होत गेलेल्या, आणि जास्त मात्रेच्या वाट्या स्वच्छ. आणि सालीची ओळही स्वच्छ. मी स्टुलावर बसले. आपल्या झाडाने, आपल्या भगताने, असं काहीबाही डोक्यात यायला लागलं. गावाला निरोप धाडावासा वाटला, पण धाडला नाही, कारण अजून एक काम बाकी होतं. सालीच्या वाटीतल्या पेशी घेऊन त्यांवर निळा रंग टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. जिवंत पेशी तो रंग बाहेरच ठेवते, मेलेली आत घेते. सगळ्या निळ्या होत्या. सालीने विषाणूला हात लावला नव्हता, त्याचं घरच जाळून टाकलं होतं. माझ्याच पेशी होत्या त्या. मग झिडोव्हुडिनच्या वाटीतल्या पाहिल्या. त्या गोल, चकचकीत, जिवंत.

म्हणजे मला आता हे डोळ्यांनी दिसलं होतं की दादाचा विषाणू औषधाने थांबतो. इतरांचा नाही, त्याचाच. आणि तो स्वतः तेव्हा जव्हारच्या दवाखान्यात खाटेवर होता आणि त्याच्यासाठी ते औषध नव्हतं. ते दुकानात होतं, आपल्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हतं. एकट्या औषधाने भागत नाही, थोड्या महिन्यांत विषाणू त्याला जुमानेनासा होतो, तीन औषधं एकत्र लागतात आणि तीही जन्मभर, हे सगळं मला पाठ होतं. बाटलीतली भुकटी प्लेटला पुरेल एवढी होती, माणसाला नव्हे. मी सरांकडे गेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "प्लेटवरची गोष्ट वेगळी, यमुना. उपचार आपल्या हातात नाहीत." तो राग माझा आजही गेलेला नाही. सरांवर कमी आहे, बाकी सगळ्या जगावर आहे. भाताच्या दाण्याएवढ्या वाटीत आम्ही माणूस वाचवत होतो आणि प्लेट धुवायला टाकत होतो.

साल मी बंद करायला लावली. आईने ऐकलं, पण तिला वाटलं मी त्याच्या तोंडचं शेवटचं औषध काढून घेतलं. तसं ती बोललीही.

दादा दिवाळीआधी गेला. मी पोचले तेव्हा बोलत होता. माझ्याशी नाही, आईशी. तिची समजूत घालत होता. "माझा रगत यमूजवळ हाय ना पुण्याला," तो तिला म्हणत होता. "उबेला ठेवलाय त्यांनी. तो वाढतोय तिथं. मी काय समदा मरत नाय." आई मान हलवत होती. मी दाराशी उभी होते, आणि मरणाऱ्या माणसाच्या तोंडून मला ते काढून घ्यायचं नव्हतं.

तुम्ही दादाच्या दिवसाला आलात, जेवलात, भांडी मात्र वेगळी ठेवलीत. तुमच्यातल्या काहींनी पाणीही घेतलं नाही. ते राहू दे.

चिरा घडवून आणला तो पुढच्या उन्हाळ्यात. मी रजा काढून आले होते. कामडी, म्हणजे गाऊन मेलेल्याला वाट दाखवणारा, तोही ठरला होता. आणि आदल्या दिवशी आईने चिरा अंगणात पालथा टाकला. "नाय बसवायचा," म्हणाली. मी विचारलं का. तिने मलाच विचारलं, "त्याचा रगत तिथं जिता हाय का अजून?"

मी तिला सगळं सांगितलं. आता तिथे दादाची एकही पेशी नाही, त्या कधीच मेल्या. नंतरच्या सगळ्या पेशी माझ्या आणि आणखी कुणाकुणाच्या होत्या. आता तर पेशीही नाहीत, नुसतं पाणी आहे, त्यात विषाणू आहे, आणि ते वाफाळत्या गार नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलंय. तो विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिचीच त्वचा पांघरून निघतो, म्हणजे त्याच्या अंगावर पांघरूणही माझंच आहे. दादाचं तिथे काहीच नाही. फक्त आजार आहे.

आईने शांतपणे ऐकलं. "आजार त्याच्या रगतात वाढला का नाय? त्याला खाऊन मोठा झाला का नाय?" ती म्हणाली. "मंग तो त्याचाच. तो तिथं जिता हाय तवर माझा पोर अर्धाच मेलाय. अर्ध्या माणसाचा चिरा बसवला तं तो कुठं जाईल? तू जा नि तो मारून ये. मंग बसवू."

आई चूक आहे असं मी म्हणू शकत होते, म्हटलंही. पण जे-चारची पिवळी वाटी बघताना दर वेळी माझ्याही मनात दादा यायचा. मग ती एकटीच चूक कशी?

मी सरांना विचारलं. टाकीतला जे-चार नष्ट करता येईल का. कारणही सांगितलं. ते चिडले नाहीत, समजावत राहिले. "तो आयसोलेट आहे, यमुना, माणूस नाही. आणि आपल्याकडचा सगळ्यात चांगला आयसोलेट आहे. त्याच्यावर किती काम उभं आहे." ते खरंच होतं. बाहेरच्या देशांतल्या दोन प्रयोगशाळांना त्यांनी तो पाठवलाही होता. दादाने जन्मात पुणं ओलांडलं नव्हतं.

मी नोकरी सोडली नाही. तुम्ही म्हणाल सोडायला हवी होती. सोडून काय झालं असतं, कुणी दुसरीने तो वितळवला असता, आणि घरी आईला कोणी पोसलं असतं? वर्षानुवर्षं नवं कुठलंही औषध आलं की मी टाकीचं झाकण उघडायचे, वाफेत हात घालून जे-चारची कुपी काढायचे, हातमोज्यात धरून वितळवायचे. कोणाच्या तरी ताज्या पेशींत सोडायचे. बहुतेक औषधं काहीच करायची नाहीत. काही त्याला थोडं दाबायची. आणि मी गावी आले की अंगणात तो पालथा दगड असायचा. त्यावर आई उडीद वाळत घालायची, कोंबड्या चढायच्या. खाली तोंड असलेला सूर्य, चंद्र आणि माणूस मातीत. आईला तुम्ही टोचायचात. ती तुम्हाला खरं कारण सांगायची नाही, कारण मग तुम्ही मला बोलला असता. तुम्ही तरीही मलाच बोललात.

मग औषधं आली. फुकट, सरकारी, तीनही एकत्र. आधी लांबच्या मोठ्या दवाखान्यांत, मग हळूहळू जवळ. आपला सोमा, जो दादाबरोबर त्याच झोपडीत राहायचा आणि त्याच खाडीत बुड्या मारायचा, तो पार हाडाची मोळी झाला होता. त्याला मी गाडीत बसवून नेलं. वर्षाच्या आत तो पेरणीआधी शेतात राब भाजायला लागला, पुढच्या बोहाड्याच्या उत्सवात देवाच्या मुखवट्याचं सोंग घेऊन नाचलाही. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आनंदाच्या खाली दुसरं पण होतं. तो नाचत होता आणि मी ढोलाच्या आवाजात मनातल्या मनात म्हणत होते, थोडी वर्षं. थोडीच वर्षं दादाला कोणी पुढे ढकलून आणलं असतं, तर तोही इथे नाचला असता. सोमा माझ्याकडे बघायचं टाळत होता. त्यालाही तेच वाटत असणार.

सर निवृत्त झाले. प्रयोगशाळा नव्या इमारतीत जायची ठरली, तेव्हा जुन्या टाक्या आवरायला काढल्या. सरांच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी सांगितलं, ज्यांचा वापर संपला आहे ते सगळं नष्ट करा. आता जगभर ठरावीक प्रमाणित विषाणू वापरतात, जे-चार कोणाला नको होता. ज्याला मारायची मला परवानगी मिळत नव्हती तो एक दिवस अडगळ म्हणून माझ्याकडे आला. सगळ्या कुप्या मी स्वतः काढल्या, पिशवीत घातल्या, दाबाच्या वाफेच्या भांड्यात ठेवल्या आणि झाकण आवळलं. त्या खोलीत काहीच वास येत नाही, रबर तापल्याचा थोडा. बाहेर बाकावर बसून राहिले. भांडं शिट्टी देऊन थांबलं तेव्हा मी रडले. दादा गेला त्या दिवशी मी एवढी रडले नव्हते. तेव्हा करायची कामं होती.

दुसऱ्या दिवशी गावी निघाले. आई ओसरीवर सुपात नागली पाखडत होती. तिला आता कमी दिसतं, हातानेच खडे काढते. मी शेजारी बसले.

"मेला?" तिने विचारलं.

"मेला."

"समदा?"

इथे मी हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. म्हणता आलं नाही. "इथला समदा मेला," मी म्हटलं. "दोन ठिकाणी परदेशात धाडलेला व्हता. तिथं ठेवला असंल अजून. तिथं माझा हात पोचत नाय."

तिचं सूप थांबलं. आता पुन्हा तेच, दगड पालथाच राहणार आणि ती एक दिवस याच ओसरीवर जाईल, असं मला वाटलं. मग तिने विचारलं, "तिथं त्याला काय नावानं हाक मारत्यात?"

"जे-चार."

"काशा नाय म्हणत?"

"नाय. काशा म्हणून तिथं कोणाला म्हाईत नाय."

"कोणाचा पोर, कुठला, काय नाय म्हाईत?"

"नाय."

तिने पुन्हा सूप हलवायला घेतलं. "मंग तो तिथं नाय," ती म्हणाली. "जिथं वळखणारा कोण नाय, तिथं माणूस कसा असंल? तिथं नुसता आजार हाय, तो त्यांचा त्यांनी बघावा. तू होतीस तवर तो पुण्यात व्हता. उचला चिरा."

म्हणजे इतकी वर्षं तो टाकीत नव्हता. माझ्यामुळे होता. झाकण उघडताना मी ज्याला मनात हाक मारत होते, त्या हाकेवर तो तिथे होता. आईला हे पहिल्या दिवसापासून कळलं असेल आणि तिला ते मला सांगता आलं नसेल, किंवा तिलाही तेव्हाच कळलं असेल. मी विचारलं नाही.

चिरा सोमाने उचलला. खालची माती पांढरी पडली होती आणि तिच्यात मुंग्यांची वारूळं झाली होती. सूर्य-चंद्र धुऊन काढले. कामडी आला, गायला. त्याने दादाला नावानिशी वाट सांगितली, कुठल्या ओहोळावरून जायचं, कुठे वळायचं, पुढे कोण भेटेल. बाबांच्या शेजारी दगड बसला. तुम्ही सगळे आला होतात आणि या खेपेला पाणी घेतलंत, तेही मी पाहिलं. त्याबद्दल तुमचे आभार मानणार नाही.

गाव माझ्यासाठी आता एवढंच उरलंय, ती उंबराखालची ओळ आणि एक म्हातारी, जी हाताने खडे वेचते. पण त्या ओळीतला प्रत्येक दगड कोणाचा हे तिथला कोणीही सांगू शकतो. पुण्यात मला अर्धं आयुष्य झालं. सोसायटीत मी तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम आहे. प्रयोगशाळेत माझ्या वेळचं कोणी राहिलं नाही, आणि जुन्या कपाटात कुठे काही उरलं असेल तर ते डी-नऊच्या नावावर असेल.

उंबराखालून परत येताना आईने माझा दंड धरला होता. वाट चढाची. मध्येच ती थांबली, दम घ्यायला, आणि तोंड माझ्याकडे न वळवता म्हणाली, "तुला गं? तुला तिथं कोण वळखतं?"

मी म्हटलं, "आई, पाय जपून टाक. वाटंत दगड हायेत."